डोळे बांधून घेतलेली रेंज टेस्ट

"वाघमारे, किधर हो? ओव्हर."

मेहताशेठचा आवाज सेटमधून स्वच्छ येत होता. मी बटण दाबलं.

"माहीत नाही, शेठ. ओव्हर."

"मतलब? बाहेर बघ ना. काय दिसतंय?"

"काही दिसत नाही. डोळे बांधलेत."

सेट खरखरला. मग शेठनी विचारलं, "कोणी?"

"क्लायंटनं."

मी तेव्हा राई गावच्या एका मासेमारी बोटीच्या टपावर मांडी घालून बसलो होतो. डोळ्यांवर जनूभाऊ तांडेलांचा चौकड्यांचा टॉवेल होता. त्यांनी सकाळी त्याच टॉवेलनं काय काय पुसलं होतं ते नाकाला कळत होतं. एका हातात पिवळा वॉकीटॉकी, कमरेला काळा. नोकरीच्या आयुष्यात मी कारखान्यात, बिल्डिंगच्या साइटवर, एकदा तर लग्नाच्या मांडवातसुद्धा रेंज टेस्ट घेतल्या. डोळे बांधून घेतलेली ही एकच.

आता पहिल्यापासून सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी वायरलेस सेट विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर होतो. राहायला नवघरला. कंपनी म्हणजे मेहताशेठ, मी, आणि एक गोडाऊन. तेव्हा मोबाइल नव्हते. मीरा रोडला बिल्डिंगा उठत होत्या, त्यामुळे आमचा माल चालायचा. तळमजल्यावरचा सुपरवायझर वरच्या मजल्यावरच्या मुकादमाला शिव्या द्यायला वॉकीटॉकी वापरायचा. सिल्व्हर पार्कच्या एका बिल्डरनं आमच्याकडून काळे सेट घेतले होते. त्यानं आणखी मागितले म्हणून शेठनी मोठा माल भरला, आणि त्याच महिन्यात त्या बिल्डरनं काम थांबवलं. गोडाऊन काळ्या सेटनी भरलं. तेव्हापासून शेठना जगातल्या प्रत्येक अडचणीवर एकच उपाय दिसायला लागला, काळा सेट.

अशात राईच्या मच्छीमार सोसायटीचं बोलावणं आलं. बोटीवर आणि जमिनीवर, दोन्हीकडे चालेल असा हातात धरायचा सेट पाहिजे होता.

सोसायटीचे चेअरमन दामूशेठ. आडवा बांधा, शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी. जनूभाऊ तांडेल हे त्यांच्या बहिणीचे, हिराबाईंचे, नवरे. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. मेहुणे-मेहुणे दोघंही स्वतःच्या बोटी चालवायचे आणि एकमेकांशी गोड बोलायचे. इतकं गोड, की काहीतरी बिनसलंय हे पहिल्याच चहात कळलं.

सेट घ्यायची कल्पना मात्र त्या दोघांची नव्हती, हिराबाईंची होती.

"गेल्या साली यांच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं," त्या म्हणाल्या. "ओहोटीनं बोट बाहेर वढत नेली. आमाला काय ठाव? दिस मावळला तरी मी जेटीवर उभी. दुसऱ्या दिशी गुजरातच्या एका बोटीनं वढून आनलं. चूल पेटली न्हाय घरात. पुन्यांदा मी तशी उभी न्हाय ऱ्हानार, साहेब. इंजिन बंद पडलं तर मला कलाय पायजे. बस."

मी मराठवाड्यातला. आमच्या गावात पाणी बघायचं तर टँकरच्या रांगेत उभं राहावं लागायचं. समुद्राचं मला काही कळत नाही आणि पोहता तर मुळीच येत नाही. पण या बाईंचं म्हणणं मला सरळ कळलं. क्लायंटनं इतकी स्वच्छ गरज सांगितल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

मी दोन प्रकारचे सेट काढले. काळा जमिनीवरचा. आवाजाला दणदणीत, किमतीला हलका, पण त्याला चार्जरची, माइकची अशी भोकंच भोकं. पिवळा खास बोटीसाठी केलेला. सगळीकडून रबरानं सीलबंद, बटणं मोठी, किंमतही मोठी. ताकद दोन्हींची सारखीच.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. या सेटचा आवाज साधारण नजर जाते तिथवरच जातो. उघड्या पाण्यावर चांगला जातो, उंचावर उभं राहिलं तर आणखी थोडा. मध्ये डोंगर आला की संपलं. राई आणि समुद्र यांच्यामध्ये डोंगरी गावाचा डोंगर आहे. म्हणून बोट नेमकी कुठे असताना आवाज पोचतो आणि कुठे तुटतो, हे बघायला रेंज टेस्ट घ्यायची असते. बोटीवरच्यानं सांगायचं, मी अमुक जागी आहे. जमिनीवरच्यानं नकाशावर खूण करायची. इतकं सोपं काम आहे.

निदान मला तसं वाटत होतं.

पहिल्या टेस्टला पिवळा सेट जनूभाऊंना दिला, काळा दामूशेठना. प्रत्येकाचा जोडीदार सेट घेऊन मी आणि मेहताशेठ सोसायटीच्या बर्फाच्या गोदामाच्या गच्चीवर उभे राहिलो. आमच्याबरोबर निम्मा गाव होता. दोन्ही बोटी खाडीतून बाहेर गेल्या.

"जनूभाऊ, कुठे आहात? ओव्हर."

आधी नुसती इंजिनाची फटफट ऐकू आली. मग, "डोंगराच्या मागं. पार उत्तनच्या म्होरं."

आवाज असा, की माणूस शेजारच्या खोलीत बसलाय. डोंगरामागून असा आवाज येतच नाही. मी नकाशाकडे बघितलं, सेटकडे बघितलं आणि दुसरा सेट घेतला.

"दामूशेठ, तुम्ही कुठे?"

"वसईच्या किल्ल्याच्या लय फुडं. किनारा दिसत न्हाय आता."

हाही आवाज ठणठणीत. किनारा दिसेनासा झाल्यावर हातातला सेट बोलत नसतो, मग तो कोणाचाही असो. त्यात हे किनारा न दिसणारे दामूशेठ थोड्याच वेळात जेटीवर येऊन चहा मागायला लागले.

मेहताशेठ मात्र खुशीत होते. "बघितलंस? काळा जिंकला! किल्ल्याच्या पुढे! ऑर्डर लिहून घे."

"शेठ, हे शक्य नाही. दोघंही थापा मारतायत."

"थापा क्लायंट मारतोय ना? आपण तर नाही मारत."

व्यवहार म्हणून त्यांचं बोलणं बिनतोड होतं. पण मला राग आला. उद्या हा सेट किल्ल्याच्या पलीकडून बोलतो असं समजून कोणीतरी खरोखर तिथे जाईल, आणि बाई पुन्हा जेटीवर उभी राहील. मी म्हटलं, खरी टेस्ट झाल्याशिवाय मी सेट देणार नाही. शेठनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी गोडाऊनला काडी लावतोय.

हिराबाई बाजूला उभ्या राहून हसत होत्या.

"साहेब, तुमी सगल्या गावासमोर तांडेलाला इचारलात, कुठं हायस? अवो, तितं मासळी असतेय. लगीन होऊन इतकी वर्सं झाली, मी बी कवा इचारलं न्हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वॉकीटॉकीवर जे बोलाल ते त्या चॅनेलवरचा प्रत्येक सेट ऐकतो. आणि तांडेलाची मासळीची जागा ही तिजोरीच असते, बाप मुलाला सांगतो आणि तेही मुलाचं लग्न झाल्यावर. मी त्यांना भर चौकात तिजोरीची किल्ली कुठे ठेवता असं विचारलं होतं. त्यांनी थाप मारली ती माझ्यासाठी नव्हती. जनूभाऊंची थाप दामूशेठसाठी होती आणि दामूशेठची जनूभाऊंसाठी.

मी म्हटलं, ठीक आहे. तुम्ही काही सांगू नका. मीच बोटीवर येतो, दोन्ही सेट घेऊन, आणि माझा मी अंदाज घेतो.

दामूशेठनी परक्या माणसाला बोटीवर घ्यायला साफ नकार दिला. जनूभाऊ बायकोकडे बघून तयार झाले, पण एका अटीवर. नारळावर हात ठेवून गावदेवीची शपथ घ्यायची, की जागा कोणाला सांगणार नाही.

"आमच्याकडे नारळावर शपथ घ्यायची पद्धत नाही, जनूभाऊ," मी म्हटलं. "मी बौद्ध आहे. शब्द देतो, जागा कोणाला सांगणार नाही."

जनूभाऊंनी विचार केला. त्यांना माझा अपमान करायचा नव्हता. पण नुसत्या शब्दावर तिजोरी उघडायची त्यांची तयारीही नव्हती.

"मंग टावेल," ते म्हणाले.

असा मी टपावर जाऊन बसलो.

खाडी संपली हे मला बोट हेलकावे खायला लागल्यावर कळलं. जनूभाऊंनी तेवढ्यावर न थांबता बोट दोन-तीनदा गोल फिरवली, म्हणजे माझी दिशाही चुकावी. बोटीवर जनूभाऊ, त्यांचा नारायण नावाचा खलाशी आणि मी. मी आळीपाळीनं दोन्ही सेटवर बोलत होतो आणि गच्चीवरून मेहताशेठ उत्तर देत होते. सुरुवातीला लिहिलेलं संभाषण याच वेळचं.

मग एक लाट टपावर आली. फार मोठी नसावी, पण मला पूर्वसूचना नव्हती. दोन्ही सेट आणि मी नखशिखांत भिजलो. पिवळा खरखरला आणि पूर्ववत बोलायला लागला. काळ्यानं गुळण्या केल्यासारखा आवाज काढला आणि राम म्हटला.

"शेठ, काळा गेला. ओव्हर."

"कुठे गेला?"

"वर."

शेठच्या दुःखाला मी मान दिला आणि काळा सेट मांडीवर आडवा ठेवला.

थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज बदलला. आधी खोकला, मग कण्हणं, मग काहीच नाही. इतका वेळ त्या आवाजाला मी वैतागलो होतो. तो थांबल्यावर मात्र बोटीच्या अंगावर पाणी आपटल्याचं ऐकू यायला लागलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय," जनूभाऊ म्हणाले. मग नारायणला हळूच, "नांगर टाक. ओहोटी लागलीय."

दोघं इंजिनाशी झटत राहिले. पाना पडल्याचे आवाज, शिव्या, पुन्हा पाना. वारा वाढला होता. बोट दोरीला हिसके देत होती, आणि प्रत्येक हिसक्याला मी टपाचा कठडा आणखी घट्ट धरत होतो. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो. नवघरला बायको पोरीला शाळेतून आणायला निघाली असेल, आणि तिच्या समजुतीनुसार मी ऑफिसच्या कामाला गेलो होतो. ऑफिसच्या कामात माणूस बुडतो हे तिला कसं पटावं?

मी बटण दाबलं. "शेठ, इंजिन बंद पडलंय. मदत पाठवा. ओव्हर."

"अरे बाप रे! किधर हो?"

"जनूभाऊ, कुठे आहोत आपण?"

पान्याची खटखट चालूच राहिली.

"जनूभाऊ!"

"गच्चीवर कोन कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"असेल सगळं गाव! असू दे की!"

"दामू हाय?"

"शेठ, दामूशेठ आहेत का तिथे?"

"हां, हां, बाजूलाच उभे आहेत. बोट काढायला तयार आहेत. फक्त जागा सांगा."

"मंग न्हाय," जनूभाऊ म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अहो, बुडू आपण!"

"नांगर हाय. बुडत न्हाय."

"दोरी तुटली तर?"

"तुटली का सांगू. मंग आपन जागेवर नसू."

मी म्हटलं, मी टॉवेल सोडतो आणि दिसेल ते सांगतो. त्यावर जनूभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. "साहेब," ते म्हणाले, "शबुद दिलावता तुमी."

तेवढ्यात सेटमधून हिराबाईंचा आवाज आला. त्यांनी शेठच्या हातून सेट ओढून घेतला असणार, कारण मागे शेठ "बटन, बटन" असं ओरडत होते.

"कुठं हायस त्ये मी इचारत न्हाय," त्या म्हणाल्या. "नांगर टाकलायस?"

मी सेट जनूभाऊंच्या तोंडाशी धरला. अंदाजानं धरला, तो आधी त्यांच्या कानाला लागला.

"टाकलाय," ते म्हणाले.

"धरलाय का नांगरानं?"

"धरलाय."

"मंग बस तितं. हलू नको."

एवढंच. ना किंचाळणं, ना रडणं. मी सेट खाली घेतला आणि आम्ही तिघं बसून राहिलो. जनूभाऊंनी मला बिडी देऊ केली. मी ओढत नाही, पण घेतली.

किती वेळ गेला सांगता येत नाही, टॉवेलात घड्याळ दिसत नव्हतं. मग दूरवर दुसऱ्या इंजिनाची फटफट ऐकू आली. ती इकडे-तिकडे शोधत फिरली नाही. पहिल्यापासून आमच्याकडेच येत होती, नुसती मोठी होत गेली. जनूभाऊ उठून उभे राहिले.

"दामू? तू कसा काय इतं?"

"असाच हिंडत हिंडत आलो," दामूशेठचा आवाज आला. "दिसलास."

"हिंडत?"

"हां. आन टपावर ह्यो कोन बसलाय?"

"साहेब हायत. डोले बांधलंत."

"बरं केलंस," दामूशेठ म्हणाले. त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही.

दोर फेकला गेला, बोटी बांधल्या गेल्या. आता नांगर उचलायचा होता. जनूभाऊ आणि नारायण दोघं ओढत होते, नांगर काही सुटेना. दोघांच्या धापा मला ऐकू येत होत्या. शेवटी दामूशेठ वैतागले.

"असा काय वढतोस? खाली खडक हाय ना! उजवीकडं घे, मंग ढील दे, आपसूक सुटतंय!"

त्याप्रमाणे केल्यावर नांगर सुटला.

"दामू," जनूभाऊ सावकाश म्हणाले, "इतं खाली खडक हाय, ह्ये तुला कसं ठाव?"

दामूशेठनी इंजिनाचा जोर वाढवला. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं, आणि जेटी येईपर्यंत त्यांनी तो कमी केला नाही.

जेटीला माझा टॉवेल मेहताशेठनी सोडला. इतरांच्या लक्षातच नव्हतं. गच्चीवर काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. सेटवरचं बोलणं संपताच दामूशेठ बोटीकडे धावले, आणि अर्ध्यातून परत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बहिणीला म्हणाले, "पन जागा ठाव नसल्यावर जाऊ कुठं?" हिराबाईंनी भावाकडे एकदाच बघितलं. "जा," त्या म्हणाल्या, "तुला काय वाट दाखवाय लागतेय?" दामूशेठचं तोंड उतरलं. पण गेले. सरळ गेलो तर चोरी उघडी पडणार हे त्यांना कळत होतं. शोधत फिरण्याचं नाटक करता आलं असतं. ते त्यांनी केलं नाही, याबद्दल मी त्यांना आजही मानतो.

जनूभाऊ जेटीवर उतरले ते मेहुण्यावर धावूनच. "किती सालं जातोयस तितं?" दामूशेठ खाली बघत म्हणाले, "तू जात न्हायस त्या दिशी." हिराबाई मध्ये उभ्या राहिल्या आणि दोघांना म्हणाल्या, आधी चहा घ्या. दोघांनी घेतला. एकमेकांकडे पाठ करून, पण घेतला.

सोसायटीनं पिवळे सेट घेतले. दिल्लीहून वायरलेसचं लायसन्स आल्यावर मी ते बसवून दिले. आम्ही काळा भिजवून दाखवला होता, त्यामुळे जास्त समजवावं लागलं नाही. मेहताशेठनी काळे सेट पुढे एका मंगल कार्यालयाला विकले. तिथे ते छान चालले, फक्त पंगतीच्या पाण्यापासून लांब ठेवा असं मी सांगून आलो.

रेंजचा नकाशा मात्र माझ्याकडून कधीच पूर्ण झाला नाही. त्याच्याऐवजी हिराबाईंनी नियम केला, की सेटवर कोणी कोणाला जागा विचारायची नाही. डोंगराआड जायचं असेल तर आधी बोलून घ्यायचं आणि बाहेर आलं की पुन्हा बोलायचं. आवाज तुटून बराच वेळ झाला, तर ज्याला जागा चोरून ठाऊक असेल त्यानं निमूट बोट काढायची. कोणाला कोणाची जागा ठाऊक आहे याची चौकशी नंतर होणार नाही. अशी इतकी माणसं निघाली, की सोसायटीला दुसरी व्यवस्था करावी लागली नाही.

या धंद्यात मी पुष्कळ वर्षं काढली. नव्या इंजिनीअरना मी एकच सांगायचो. गिऱ्हाइकाला रेंज किती पाहिजे ते नंतर विचारा. या सेटवरून तुम्ही काय सांगणार नाही, ते आधी विचारा.

जनूभाऊ अजून मला भेटले की चारचौघांत पाठ थोपटतात. "ह्या मानसानं माजी जागा आजवर कोनाला सांगितली न्हाय," म्हणतात. मी मान हलवतो. ती कुठे आहे हे मला आजही माहीत नाही, पण मिळालेली अब्रू कोण परत करतो?

सेट बसवल्यानंतर सर्व्हिसिंगला मी अधूनमधून राईला जायचो. एकदा गच्चीवर हिराबाईंचा सेट तपासत होतो. बोटी परतायची वेळ झाली होती. त्यांनी माझ्या हातून सेट घेतला, बटण दाबलं, आणि ओव्हर वगैरे काही न म्हणता विचारलं, "हाय?"

खरखर झाली. मग उत्तर आलं, "हाय."

त्यांनी सेट माझ्या हातात परत दिला आणि भात टाकायला खाली गेल्या.